काचेच्या गोलातील फुले

पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत हल्ली प्लास्टिकची फुले वर्षानुवर्षे धूळ खात असलेली दृष्टीस पडतात. त्यांऐवजी काचेच्या गोलात पाण्याखाली ताजी फुले मांडण्याची कला आमच्या विद्यार्थ्यांनी घरी आणावी, असे आम्हांस वाटते.

कृती सोपी आहे. गोल पुरता बुडेल इतके पाणी घंगाळात घ्यावे. तळाशी खोलगट बशी ठेवून तिच्यात फुले उभी करावी. त्यांच्या देठांस दोऱ्याने लहानसा दगड बांधावा, नाही तर ती तरंगून वर येतात व सारी हौस फुकट जाते. मग रुंद तोंडाचा गोल पाण्यात तिरपा बुडवावा, आतील हवा पार निघून जाऊ द्यावी, आणि तो पाण्यातल्या पाण्यातच फुलांवर पालथा घालून बशीसकट अलगद उचलावा. पाणी सांडत नाही! बाहेरील हवेचा दाब ते धरून ठेवतो. हा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलतो. आपला गोल तर वीतभर. टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीचा धडा दोनदा वाचूनही ज्यांस उमगत नाही, त्यांस तो घंगाळापाशी उमगेल. पाण्याने भरलेला गोल भिंगाचेही काम करतो, म्हणून फुले आहेत त्याहून मोठी दिसतात.

वडीलधारी मंडळी म्हणतील, वऱ्हाडात पाण्याची ही चैन कशाला? आक्षेप रास्त आहे. अकोल्यास काटेपूर्णा धरणाचे व अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी येते, तरी उन्हाळ्यात नळाची वाट पाहणे कोणास चुकले आहे? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीस पाणी असून तोंडी घालवत नाही. परंतु हिशेब पाहावा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलात पावणेदोन लिटर पाणी मावते. दोन दिवसांनी ते तुळशीस घालावे, घंगाळातील अंगणात शिंपडावे. चैत्र-वैशाखात मात्र हा उद्योग करूच नये. तेवढे आम्ही मान्य करतो.

आता फुले कोणती? शेवंती आहे, गुलाब आहे. आमचा आग्रह कपाशीच्या फुलाचा. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. ज्या पिकावर वऱ्हाडचा संसार चालतो, त्याचे फूल शहरातल्या किती मुलांनी हाती घेतले असेल? मात्र एक फूल खुडले की एक बोंड कमी झाले, म्हणून शेतकऱ्यास विचारूनच घ्यावे. फवारणी झालेल्या शेतात तर पाऊलही टाकू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या विषाने माणसे दगावली आहेत.

दिवाळीनंतर फुटलेले बोंडही मांडून पाहावे. सरकीसकट कापसाच्या तंतूंवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. तो लवकर भिजत नाही, आणि अडकलेल्या हवेमुळे पाण्याखाली रुप्यासारखा चकाकतो. त्यास दगड मात्र अंमळ मोठा बांधावा लागतो.