पडलेल्या झाडांची दिशा

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. वादळाचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले : झाडें किती, पत्रे किती, नुकसान किती रुपयांचें. परंतु झाड कोणत्या दिशेस पडलें, हें एकदांही लिहिलें नाहीं. व वरूनही कोणीं विचारलें नाहीं. ही चूक होती, असें आतां वाटतें.

वारे सर्व एक जातीचे नसतात. आपली वावटळ तापलेल्या माळावरून वर उठते. अमेरिकेंतील टॉर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटांतून उतरतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर वेगवान असला म्हणजे मधली हवा आडव्या लाटण्याप्रमाणें फिरूं लागते. ढगांत चढणारी उष्ण हवा ती फिरकी उभी करते व ताणून अरुंद करते. दोरीस बांधलेला दगड फिरवितांना दोरी आंत ओढली कीं फेरे जलद होतात. तसेंच येथें होतें. घर्षण सोडल्यास त्रिज्या निम्मी होतांच वेग दुप्पट होतो.

असा वेग मोजणारें यंत्र वाटेंत क्वचितच टिकतें. म्हणून शिकागो विद्यापीठाचे तेत्सुया फुजिता यांनीं १९७१ सालीं नासाडीवरूनच वाऱ्याची प्रत ठरविण्याची पद्धत मांडली. तीही एक प्रकारें पंचनाम्याचीच विद्या होय. १९७४ च्या एप्रिलांत अमेरिकेंत मोठे उत्पात झाले, तेव्हां त्यांनीं विमानांतून पाहणी केली. कांहीं ठिकाणीं झाडें एका मध्यापासून चहूंकडे, ताऱ्याच्या किरणांसारखीं पडलीं होतीं. तेथें भोंवरा नव्हताच. ढगांतून थंड हवा खालीं आदळून पसरली होती. पुढें १९७५ सालच्या न्यूयॉर्क येथील विमान अपघाताचें कारण शोधतांना हेंच ज्ञान कामास आलें.

टॉर्नेडो आपल्याकडे विरळा. वळवाच्या ढगांतून आदळणारा वारा मात्र ओळखीचा आहे. म्हणून शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे कीं, पडलेलीं झाडें हलविण्यापूर्वीं वेळ, नुकसानीच्या पट्ट्याची रुंदी व झाडांची दिशा वहींत टिपून ठेवावी. झाडें वाटेच्या दोन्ही बाजूंनीं आंत झुकून आडवींतिडवीं पडलीं तर भोंवरा समजावा. बाहेर पसरलीं तर ढगाचा वारा.

यानें भरपाई वाढेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वारा नेहमीं एकाच बाजूनें येत असेल तर त्या बाजूस झाडांची रांग लावणें फायद्याचें; ढगांतून आदळणारा वारा कोणत्याही बाजूनें येतो, तेथें गोठ्याच्या छपराचे बंदच घट्ट हवेत. शत्रू कोणता हें न जाणतां कुंपण घालण्यांत काय हंशील?