हाताखालचा पोरगा लीडर कधी होतो?



परवा बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, दुकानातला पोरगा हुशार आहे. दुसऱ्या शाखेची सगळी जबाबदारी एकदम टाकू का?" मी म्हटलं, आधी एका सायकलवाल्याची गोष्ट ऐक.

डेन्मार्कमध्ये हान्सथोल्म नावाचं मासेमारी बंदर आहे. जोनास विंगेगार्ड तिथे सकाळी मासळीचं काम करायचा आणि मग सायकलचा सराव. 2019 मध्ये युम्बो-विस्मा या डच संघाने त्याला घेतलं. त्याच वर्षी पोलंडच्या सात दिवसांच्या रेसमध्ये पठ्ठ्याने सहावा टप्पा जिंकला, एकूण वेळेतही पहिला आला. उरला एकच दिवस. आणि त्या दिवशी तो कोसळला, आघाडी गेली. पाय तेच होते हो, दडपण झेपलं नाही.

आपण काय केलं असतं? "याच्यात दम नाही" म्हणून मोकळे. मी हेच केलंय. माझ्या जुन्या धंद्यात डिलिव्हरीच्या चांगल्या पोराला ऐन दिवाळीत अख्खी शाखा दिली. दुसऱ्या महिन्यात तो सोडून गेला आणि मी वर्षभर त्यालाच नावं ठेवत होतो.

त्या संघाने त्याला मदतनीस केलं. स्टेज रेसमध्ये सगळ्या टप्प्यांची वेळ एकत्र मोजतात. एक लीडर असतो, बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात. 2020 च्या स्पेनच्या व्हुएल्टामध्ये विंगेगार्ड प्रिमोझ रोग्लिचसाठी राबला, रोग्लिच जिंकला. तीन आठवडे लीडर कसा खातो, कसा झोपतो, वाईट दिवशी कसा शांत राहतो, हे याला शेजारी बसून बघायला मिळालं. माझ्या मते खरं ट्रेनिंग हेच. पण नुसत्या बाटल्या वाहूनही कुणी लीडर होत नाही, कधीतरी हॅंडल हातात द्यावंच लागतं.

ती वेळ अपघाताने आली. 2021 च्या टूर द फ्रान्समध्ये रोग्लिच पडला, रेस सोडून गेला. चोवीस वर्षांचा विंगेगार्ड पुढे आला आणि दुसरा आला. त्याच्याकडून कुणी जिंकण्याची अपेक्षाच केली नव्हती, म्हणून तो मोकळा खेळला, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, सर, पोगाचार तर एकविसाव्या वर्षीच टूर जिंकला की! जिंकला, 2020 मध्ये. पण असा पोरगा आपल्या दुकानात येईल या भरवशावर धंदा चालवायचा का?

आता सगळ्यात अवघड भाग. 2022 च्या टूरचा अकरावा टप्पा. गालिबिएच्या चढावर रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ले करत होते, पोगाचार प्रत्येकाला एकटा उत्तर देत होता. शेवटच्या ग्रानोंच्या चढावर पोगाचार थकला आणि विंगेगार्ड सुटला. पिवळी जर्सी त्याच्याकडे आली, टूरही त्यानेच जिंकली. रोग्लिच तोवर तीनदा व्हुएल्टा जिंकलेला माणूस. आधीच्या अपघातात खांदा दुखावलेला, तरी तो कालच्या मदतनिसासाठी झिजला. आपल्याकडे जुना मॅनेजर नव्या पोरासाठी असं करेल का? त्याच्याशी आपण तसं बोललो तरी आहोत का?

आणि हे फुकट होत नाही. 2023 च्या व्हुएल्टात या संघाने पहिले तिन्ही नंबर घेतले. जिंकला सेप कुस, इतकी वर्षं दोघांसाठी राबलेला मदतनीस. विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. त्यानंतर रोग्लिचने संघ सोडला आणि पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघाचा लीडर होता.

बॅचमधल्या त्या मित्राने हे ऐकून आधी दिवाळीनंतरचे पंधरा दिवस पोराला एकट्याने दुकान चालवायला द्यायचं ठरवलंय. जुन्या मॅनेजरशी मात्र तो अजून बोललेला नाही.