काटा लाल रेषेकडे सरकतो तेव्हा

भिवंडीत कापडाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने वडिलांच्या काळातील मारुती ८०० आजही जपली आहे. उन्हाळ्यात अंजूरफाट्याच्या कोंडीत तिच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकू लागला. गॅरेजमध्ये अंदाजानेच रेडिएटर बदलण्यात आला, मागोमाग वॉटर पंपही. खर्च झाला, पण दुखणे कायम राहिले. मुलांनी गाडी भंगारात काढण्याचा विषय काढला. तेव्हा एका वृद्ध मिस्त्रींनी एवढेच विचारले, “शेठ, गाडी तापते कुठे? कोंडीत, की नाशिक रस्त्याला वेगात?”

निदानाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी. धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. कोंडीत ते काम एकट्या पंख्यावर येऊन पडते. म्हणून केवळ कोंडीत तापणाऱ्या गाडीचा पंखा प्रथम तपासावा. वेगात किंवा कसारा घाट चढताना गाडी तापत असेल, तर कमी झालेले कूलंट, बोअरच्या पाण्यातील क्षारांनी तुंबलेला रेडिएटर, न उघडणारा थर्मोस्टॅट अथवा झिजलेला पंप यांचा शोध घ्यावा. भिवंडीत यंत्रमागाची रुई आणि धूळही रेडिएटरच्या जाळीत अडकते. ती अधूनमधून हलक्या हाताने साफ करावी.

मिस्त्रींनी बॅटरीची तार थेट पंख्याला जोडली. पंखा फिरला, म्हणजे मोटर निर्दोष होती. फ्यूज आणि रिलेही ठीक निघाले. दोष होता तो ठरावीक तापमानाला पंखा सुरू करणाऱ्या छोट्या स्विचमध्ये. आधीच्या खर्चापुढे त्याची किंमत नगण्य होती. हिशेब जुळत नसेल तर व्यापारी वही बदलत नाही, चुकलेली नोंद शोधतो. गाडीच्या बाबतीत मात्र त्याला याचा विसर पडतो.

काही ठिकाणी अशा वेळी थर्मोस्टॅटच काढून टाकतात. ते योग्य नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते आणि इंधन अधिक जळते.

काटा चढताच एसी बंद करावा, गाडी कडेला घेऊन इंजिन थांबवावे. घर जवळ आले म्हणून तशीच पुढे नेल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते, हेड गास्केट जळते आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते. बाहेर गळती नसताना कूलंट घटणे, पांढरा धूर येणे किंवा ऑइल दुधाळ दिसणे ही त्याची लक्षणे होत. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेला असतो. प्रेशर कुकरप्रमाणेच तो उसळून हात-तोंड भाजते. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकणाला हात लावावा.

आणखी एक दक्षता घ्यावी. अनेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु विषारी असते. रस्त्यावर किंवा गटारात सोडलेले असे कूलंट चाटून कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. जुने कूलंट बंद डब्यात भरून गॅरेजकडेच सोपवावे आणि सांडलेले लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे. जीवदयेचा संस्कार असलेल्या घराने एवढे तरी पाळावेच.