फोटोत न दिसणारी गुडघेदुखी

परभणी जिल्ह्यात गुडघ्याच्या एक्स-रेला आजही बरेच जण ‘फोटो’च म्हणतात. फोटो खराब आला, तर ‘झीज झाली, वाटी बदलावी लागेल’ हे ऐकायला मिळते. फोटो बरा आला, तर ‘काही नाही, वयामुळे दुखतंय’ म्हणून गोळ्या हातात पडतात. दोन्ही उत्तरांमागे समज एकच आहे, की जेवढी झीज तेवढे दुखणे. या समजाला संशोधनाने कधीच सुरुंग लावला आहे. तालुक्याच्या ओपीडीत मात्र तो अजून ठाण मांडून आहे.

गुडघ्याची झीज एक्स-रेवर शून्य ते चार अशा श्रेणींत मोजायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडली. तीच आजही वापरात आहे. झीज मोजायला ती चांगली आहे, वेदना मोजायला नाही. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा दुखणाऱ्यांपैकी किती जणांच्या एक्स-रेवर झीज दिसते, याचे उत्तर त्यात १५ टक्क्यांपासून ७६ टक्क्यांपर्यंत होते. उलट बाजूने, झीज दिसणाऱ्यांपैकी दुखणारे १५ ते ८१ टक्के. इतका फरक असेल, तर फोटोकडे पाहून ‘तुला एवढं दुखायला नको’ असे कोणालाही सांगणे शास्त्राला धरून नाही.

याचे एक कारण साधे आहे. जी कूर्चा झिजते तिला मज्जातंतूच नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर आणि भोवतालचे अस्थिबंध. दुसरे कारण गुडघ्याच्या बाहेर आहे. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवले की, एखाद्या जागेकडून वेदनेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतील पेशीच हळव्या होतात. चोरी झालेल्या वाड्यातला कुत्रा पुढे पाचोळा हलला तरी भुंकतो, तसेच हे. गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्या अनेकांच्या हातावर दाब देऊन पाहिले, तर तिथेही त्यांना इतरांपेक्षा लवकर दुखते. हाताला काही झालेले नसते, यंत्रणाच सावध होऊन बसलेली असते. गुडघा बदलल्यानंतरही साधारण पाचांपैकी एका रुग्णाचे दुखणे का उरते, याचा एक धागा इथे सापडतो.

ताणाचा संबंध येतो तो या यंत्रणेपाशी. शरीरावर ताण आला की मेंदूच्या हुकमाने मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. निरोगी माणसात ते जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. थोड्या वेळाच्या ताणात कॉर्टिसॉल सूज दाबून ठेवते, म्हणजे उपकारच करते. ताण महिनोन्‌महिने चालला की ही चढ-उतार बिघडते, पेशी त्याचे ऐकेनाशा होतात आणि दाहाला मोकळे रान मिळते. रक्तातील इंटरल्युकिन-६ आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन या दाहाच्या खुणा अशा वेळी वाढलेल्या आढळू शकतात. पोटावरची चरबी आणि तुटक झोप याही त्यात भर घालतात. शरीराने ताणाची दीर्घकाळ मोजलेली ही किंमत ब्रूस मॅकएवन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ या नावाने मांडली. सोप्या मराठीत, उसनवारीवर चाललेल्या शरीरावर साचत गेलेले व्याज.

हे व्याज कशाचे, ते परभणीत वेगळे सांगायला नको. कोरडवाहू जमीन, सोयाबीन हाताशी आले की येणारी अतिवृष्टी, पडलेला भाव, बँकेचे आणि सावकाराचे देणे, घरातल्या मुलीचे लग्न. त्यात खुरपणी आणि सोयाबीनची कापणी वाकून किंवा उकिडवे बसून होते, आणि ती मुख्यतः बायका करतात. बीजिंगमधील वृद्धांच्या एका अभ्यासात तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसलेल्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त आढळली होती. म्हणजे शेतमजूर बाईच्या गुडघ्यावर भार दोन्हीकडून येतो. बसण्याच्या पद्धतीने सांधा झिजतो आणि काळजीने त्या सांध्याचे दुखणे मोठे होते. मग दुखण्याने झोप जाते, मजुरीचा दिवस बुडतो, काळजी वाढते.

इथे एक गैरसमज लगेच उभा राहतो, तो आधीच खोडलेला बरा. ताणाने वेदना वाढते म्हणजे ती खोटी, ‘मनाचे खेळ’, असे मुळीच नाही. उलट कॉर्टिसॉल आणि इंटरल्युकिन यांचा अभ्यास हेच सांगतो की काळजी रक्तात उतरते. सासूच्या गुडघ्याला नाटक म्हणणाऱ्या घरांनी आणि बाईचे दुखणे अर्ध्यावर तोडून पुढच्या रुग्णाला हाक मारणाऱ्या डॉक्टरांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

मग प्रत्येक गुडघेदुखीवाल्याचे कॉर्टिसॉल तपासावे काय? अजिबात नाही. या खुणा गटांचा अभ्यास करताना उपयोगी पडतात, एका माणसाचा निवाडा करताना नाही. जुनाट वेदनेच्या काही अभ्यासांत कॉर्टिसॉल चढे दिसले, काहींत थकल्यासारखे उतरलेले. सकाळी आठला आणि दुपारी तीनला घेतलेल्या रक्तात जमीनअस्मानाचा फरक पडतो. केसांतून मागच्या काही महिन्यांचे कॉर्टिसॉल मोजता येते, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पण केसांना लावलेला रंग त्या हिशेबात गडबड करू शकतो. कूर्चेच्या तुकड्यांच्या लघवीतून होणाऱ्या तपासण्याही अजून संशोधनाच्याच आहेत. असे असताना ‘स्ट्रेस प्रोफाइल’चे पॅकेज घेऊन उद्या कोणी दारात आले, तर त्यावर घालवायचे पैसे चांगल्या चपलेवर खर्च केलेले जास्त उपयोगी.

आणि एक मोठी गोची आहे. बाजारात, यात्रेत, ओळखीच्या वैद्याकडे गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात. ज्या पुडीने दोन दिवसांत जादू व्हावी तसा आराम पडतो, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावीच. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच कृत्रिम भाऊबंद. तो बाहेरून येत राहिला की शरीरातल्या ग्रंथी आळसावतात, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. पुडी अचानक थांबवली तर माणूस कोसळूही शकतो. म्हणून ती आपल्या मनाने एकदम सोडू नये, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी. अशा माणसाच्या कॉर्टिसॉलच्या तपासणीतून भलताच अर्थ निघेल, हे वेगळेच. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. डायक्लोफेनॅक महिनोन्‌महिने घेतल्याने गुडघा सुधारत नाही, पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडू शकतात. उन्हात पाण्यावाचून राबणाऱ्या माणसाला तर हा धोका जास्त.

खेड्यातले सांध्यांचे दुखणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले. तरीही मधुमेह आणि रक्तदाबाची नोंद जशी गावपातळीवर होऊ लागली, तशी गुडघ्याची होत नाही. मरण येत नाही म्हणून दुखणे मोजायचे नाही, हा हिशेब अन्यायाचा आहे.

मोजण्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आणि त्यात आशा कार्यकर्त्या घरापर्यंत पोहोचतात. त्यांच्या प्रश्नांत आणखी दोनच हवेत: गुडघा किती दिवसांपासून दुखतो, आणि दुखण्याने रात्री जाग येते का. तसेच हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहण्याआधी झोपेची चौकशी करावी. अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात निद्रानाशावर बोलून, सवयी बदलून उपचार केले, तेव्हा झोपेतली सुधारणा आणि वेदनेतली घट यांचा संबंध दिसला. काळजी फार झाली असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. तो चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत आहे?

मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा आजही पहिला उपचार मानला जातो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. फी नाही, पुडी नाही. पण तो शिकवायला आणि महिन्याभराने पुन्हा पाहायला कोणीतरी लागते, आणि फिजिओथेरपिस्ट शहरातच बसतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. अंगावर मांस नसलेल्या मजूर बाईला मात्र ‘वजन कमी करा’ हा छापील सल्ला देऊ नये.

२०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून काही किलोमीटरवर कृषी विद्यापीठ आहे, आणि त्याच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी बायकांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षे काम झालेले आहे. उभ्याने चालणारे खुरपणीचे अवजार एकीकडे तयार होते आणि बसून झिजलेला गुडघा दुसरीकडे तपासला जातो. या दोन आवारांनी एकत्र बसून जिल्ह्यातल्या चार गावांचे गुडघे, झोप आणि काळजी वर्षभर नोंदवली, तर कॉर्टिसॉल नंतर मोजले तरी चालेल.