गोळी गरम पडते म्हणून दूध?

घरात कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक गोळ्या लिहून दिल्या, की एक सल्ला ठरलेला असतो : ‘‘गोळी गरम पडेल, वरून पेलाभर दूध घे.’’ सल्ला देणारी कधी अम्मी असते, कधी दादी, कधी शेजारची खाला. त्यामागे माया असते आणि बऱ्याच गोळ्यांच्या बाबतीत त्याने काही बिघडतही नाही. पण काही गोळ्यांवर दूध प्यायले तर औषधाचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नाही. मग आजार हटत नाही आणि दोष मात्र गोळीला नाहीतर डॉक्टरांना दिला जातो.

काही घरांत याच्या अगदी उलट चालते. अँटिबायोटिक सुरू झाले की दूध-दही बंद! आधीच तोंडाची चव गेलेले मूल जे दोन घोट घेते, तेही विनाकारण तुटते. म्हणून कोणत्या गोळीला काय चालते, ते पाहू.

दूध कोणत्या गोळ्यांना अडवते?

मुख्यतः दोन गटांना. पहिल्या गटातल्या औषधांची नावे ‘सायक्लिन’ने संपतात : टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून मुंबईत व कोकणात दिली जाते ती डॉक्सिसायक्लिनच. दुसऱ्या गटातली नावे ‘फ्लॉक्सासिन’ने संपतात : सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. लघवीच्या जंतुसंसर्गात आणि काही प्रकारच्या जुलाबांत ही दिली जातात.

दुधातले कॅल्शियम या औषधांना पोटातच चिकटते. तयार झालेले संयुग आतड्याला शोषता येत नाही आणि औषध शौचावाटे निघून जाते. दुधाबरोबर घेतल्यास टेट्रासायक्लिन जवळपास निम्मे वाया जाते. चहातले थोडे दूधही त्याला पुरते, म्हणून ही गोळी चहाबरोबर घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिनचा सुमारे एक तृतीयांश भाग दूध किंवा दह्यामुळे कमी शोषला जातो. डॉक्सिसायक्लिनचे नुकसान त्या मानाने कमी, साधारण एक पंचमांश. त्यामुळे ती फारच मळमळवत असेल तर डॉक्टर कधी कधी थोड्या दुधाबरोबर घ्यायलाही सांगतात.

उपाय सोपा आहे. गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि दूध, दही, लस्सी, खीर, पनीर यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. जेवणातल्या सालनात चमचाभर दही पडले असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी घाबरायचे कारण नाही. नुसते दूध-दही तेवढे टाळायचे.

दुधापेक्षाही जास्त सांभाळायचे ते कॅल्शियम, लोह व झिंकच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पांढरी पातळ औषधे. त्यांतले धातू हेच काम अधिक जोराने करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. घरातल्या बायका रक्तवाढीच्या गोळ्या घेत असतात, पण दुखण्याच्या वेळी ते डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

बाकीच्या गोळ्यांचे काय?

मुलांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन दुधाबरोबर चालते. त्यात क्लॅव्हुलॅनिक ॲसिड मिसळलेले असेल तर जेवणाच्या सुरुवातीला घ्यावे, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. ॲझिथ्रोमायसिनची गोळी जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही चालते. सेफ्युरोक्झिम आणि नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घेतले तर अधिक चांगले शोषले जाते. मेट्रोनिडाझोलने मळमळते, तोंडात धातूसारखी चव येते, म्हणून तेही खाऊन घ्यावे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन मात्र रिकाम्या पोटी घ्यायचे असते.

मग ‘गरम पडते’ ते काय? बहुतेक वेळा गोळीने जठराला होणारा त्रास, किंवा आतड्यातले उपयोगी जंतूही मेल्यामुळे होणारे जुलाब. त्यासाठी मऊ भात, खिचडी, भरपूर पाणी, आणि वेळेचे अंतर ठेवून वाटीभर ताजे दही पुरेसे असते. पण अंगावर पुरळ उठले, श्वास लागला, तोंड सुजले, शौचातून रक्त पडले किंवा पाण्यासारखे जुलाब थांबेनात, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

रमजानमध्ये

सहरीला दूध-फेणी, इफ्तारला दुधातले शरबत आणि त्याच वेळी गोळी, असे या महिन्यात सहज घडते. गोळी वरच्या दोन गटांतली असेल तर इफ्तारला खजूर-पाण्याबरोबर ती घ्यावी आणि दुधाचे पदार्थ तरावीहनंतर खावेत. सहरीला दोन तासांचे अंतर मिळत नाही, म्हणून तेवढे दिवस दुधाऐवजी चपाती-सालन बरे. डॉक्सिसायक्लिन घेऊन लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. ती ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास बसून राहावे.

दिवसातून तीनदा घ्यायची गोळी म्हणजे साधारण दर आठ तासांनी एक. ती इफ्तार ते सहरीच्या काळात कोंबता येत नाही, आणि एक गोळी गाळणे किंवा दोन एकदम घेणे हा तोडगा नाही. डॉक्टरांना रोजाचे आधीच सांगितले तर काही आजारांत ते एक-दोन वेळांचे औषध देऊ शकतात. तसे जमत नसेल, तर आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात संकोच कसला?

पाकिटावर काय पाहावे?

कंपनीने दिलेल्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते. त्याचा शेवट वाचावा. पाकिटावरची उभी लाल रेघ सांगते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या मुलाला देणे ही मदत नव्हे.

औषध घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : जेवणाआधी की नंतर? दूध चालेल का? किती दिवस? उत्तरे पाकिटावरच पेनाने लिहून घ्यावीत. मग घरात औषध कोणीही दिले, तरी चूक होणार नाही. आणि दादीने दुधाचा पेला आणलाच, तर तो परत करू नका. फक्त दोन तासांनी प्या.