विंचू पाळायचं खूळ आणि आपलं कोकण

मंडळी, रीलवर हल्ली नवीन फॅड आलंय. प्लास्टिकच्या डब्यात नारळाचा भुसा, सालीचा एक तुकडा आणि आत बोटभर विंचू. वर लिहिलेलं, 'नवशिक्यांसाठी बेस्ट, डसला तरी मधमाशीएवढंच.' खाली आपलीच पोरं विचारतायत, 'भावा, कुठे मिळेल?'

परदेशात हा छंद जुना आहे. तिकडे नवशिक्याला बहुतेक वेळा पश्चिम आफ्रिकेतला एम्परर विंचू देतात. वीतभर, काळाकुट्ट, पुढचे चिमटे जाडजूड, पण विष सौम्य. काही छोट्या जातीही तशाच सौम्य आहेत. मान्य. पण म्हणून 'लहान विंचू म्हणजे निरुपद्रवी' हे कुणी ठरवलं?

आपल्याकडे काळी इंगळी दिसली की घर डोक्यावर घेतात. जीव मात्र घेतो तो लहानसा लाल विंचू. चिमटे बारीक, शेपूट जाड. जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, कौलांखाली हाच असतो. डसल्यावर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवापायी उभी हयात घालवली. रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर वापरलं आणि मरणाच्या दारातली माणसं परत येऊ लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या मातीत हे काम झालं, तिथली पोरं लाइकसाठी गडग्यातला विंचू डब्यात भरणार?

'आम्ही काळजी घेतो,' म्हणाल. तुम्ही घ्याल हो, पण झाकण उघडणारा तुमचा चार वर्षांचा पुतण्या घेईल का? आणि विकणाऱ्याला तरी जात ओळखता येते का? परदेशी विंचू आणलात तर आपल्याकडची विंचवाची लस त्याच्यासाठी बनलेलीच नाही. शिवाय एम्परर सायटिसच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगायचा तर आपल्या वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागते. ती विकणाऱ्याकडे मागून बघा, लगेच ब्लॉक करेल.

विंचू मारा असं म्हणत नाही. तो झुरळं-किडे खातो, त्याला त्याच्या गडग्यात राहू द्या. हौसच असेल तर रात्री अतिनील टॉर्च घेऊन लांबून बघा, हिरवानिळा चमकतो. फुकट आहे.

आणि कुणाला डसलाच तर मंत्र, उतारा, चुना यात वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.