ट्राम जपली, तानसाचे काय?

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ डांबराखाली गाडले गेले. पन्नासहून अधिक वर्षांनी शहराला तिची आठवण झाली. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जुने रूळ सापडले, तेव्हा कोण कौतुक झाले! पुढे सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत ट्रामचा डबा मांडण्यात आला. तोही कोलकात्याहून आणलेला. मुंबईच्या रस्त्यावर तो एक दिवसही धावला नव्हता.

ट्राम जपायला आमचा विरोध नाही. लालबाग-परळचा गिरणी कामगार, आमचे बापजादे त्याच शहरात घाम गाळत होते. मात्र या आठवणींत खडखडाट आणि स्वस्त तिकीट तेवढे उरते. गिरणीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, हे कुठल्या फलकावर लिहिणार?

आता तानसा पाहा. १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ ला विजेची. या दोहोंच्या मधे, १८९२ ला, शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईत पोहोचले. ट्राम मोडीत निघाली. तानसा सव्वाशे वर्षांनंतरही शहराची तहान भागवते आहे. खरा चालता-बोलता वारसा हा! ट्राम कंपनीकडे ९०० घोडे होते, हे इतिहासकार आवर्जून सांगतात. धरणाचे दगड वाहणाऱ्यांची नावे कोण सांगणार?

तानसा, भातसा ही मुंबईला पाजणारी धरणे शहापूरची. त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कातकरी, ठाकर बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. पाणी उताराने शंभर किलोमीटर जाते, धरणाशेजारच्या पाड्यावर मात्र चढत नाही म्हणे! पंप काय फक्त शहरांसाठीच असतात?

जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकालाही तेच. मुंबईत तानसाच्या पाइपाशेजारच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना माहुलला, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात धाडले. तिथे राहण्याची सक्ती नको म्हणून लोकांना न्यायालयात जावे लागले. २०१९ ला उच्च न्यायालयाने भाड्यापोटी दरमहा १५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात आहे. माहुल तिथून फार लांब नाही.

१९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे आणि वीज ही खाती बाबासाहेबांकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी पूरनियंत्रण, वीज आणि सिंचन यांचा एकत्र विचार केला. धरण एकाचे आणि तहान दुसऱ्याची, हा हिशेब त्यात बसत नाही.

म्हणून मुंबई महापालिकेकडे आमची मागणी साधी आहे. ट्रामच्या डब्याला रंग द्यायचा तर जरूर द्या. पण तानसा-भातसाच्या पाण्यातून शहापूरच्या पाड्यांचा वाटा आधी काढा, आणि येत्या एप्रिलच्या आत नळ जोडा.